सत्तेचाळिसाव्या मिनिटाला बंद पडणारा लॅपटॉप

“मॅडम, परत बंद पडला.”

फोनवर प्रणिता होती. सकाळचे साडेसात वाजले होते आणि मी विठ्ठलवाडीच्या घरात चहा गाळत होते.

“किती मिनिटांनी?” मी विचारलं.

“सत्तेचाळीस. काल संध्याकाळी सराव परीक्षेला बसलेले. स्क्रीन काळी, सगळं गेलं. लॅपटॉपला हात लावला तर चटका बसला.”

“आणि खरी परीक्षा कधी आहे?”

“आज. दुपारी दोनला.”

चहा कपाबाहेर गेला. हाच लॅपटॉप मी आधी दोनदा दुरुस्त केला होता. दुसऱ्या वेळी तर परत देताना छातीठोकपणे म्हणाले होते, “आता हा तापला तर माझं नाव बदल.”

माझं नाव वृंदा. ठाण्यातल्या एका सर्व्हिस सेंटरमध्ये मी लॅपटॉप दुरुस्त करते. एकोणीस वर्षं झाली. अजूनही काउंटरवर लोक मला विचारतात, “इंजिनियर आहेत का?” मी म्हणते, “बसा, बोलावते.” आत जाते, निळा एप्रन घालते आणि परत बाहेर येते. माणसाचा चेहरा बघण्यासारखा होतो. कामात मी चोख आहे आणि स्वभावाने तापट आहे, दोन्ही गोष्टी सेंटरमध्ये सगळ्यांना ठाऊक आहेत.

प्रणिता डोंबिवलीची मुलगी, लग्न होऊन कोलशेतला गेलेली. बीएस्सी झालेली. मेडिकल कोडिंगचा कोर्स तिने घरी बसून केला. म्हणजे डॉक्टरांनी पेशंटच्या कागदांवर जे लिहिलेलं असतं ते वाचायचं आणि प्रत्येक आजाराला, प्रत्येक उपचाराला ठरलेला कोड द्यायचा. इन्शुरन्सची सगळी कामं त्या कोडवर चालतात. याची शेवटची परीक्षा तीन तासांची, घरूनच द्यायची. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यातून कुणीतरी कुठूनतरी तुमच्यावर नजर ठेवतं. खोलीत दुसरं माणूस चालत नाही, मधे उठता येत नाही. आणि लॅपटॉप बंद पडला की तो प्रयत्न संपला, कारण काही का असेना. प्रयत्न दोनच मिळतात.

पहिला प्रयत्न मी लॅपटॉप पहिल्यांदा दुरुस्त करून दिल्यानंतरच्या आठवड्यात गेला होता. तेव्हाही पाऊण तास होऊन गेल्यावर. ती सेंटरला आली तेव्हा भांडली नाही, रडलीही नाही. नुसती बॅग टेबलावर ठेवली आणि म्हणाली, “मॅडम, नीट बघाल का एकदा?” भांडली असती तर बरं वाटलं असतं मला.

लॅपटॉप तापतो म्हणजे नेमकं काय होतं, ते थोडक्यात सांगते. आत एक छोटी चिप असते, सगळा विचार तीच करते. काम केलं की ती गरम होते. तिच्यावर तांब्याची पट्टी बसवलेली असते, ती ही उष्णता ओढून घेते आणि पंख्यापर्यंत नेते. पंखा ती बाजूच्या जाळीतून बाहेर फेकतो. चिप आणि तांबं यांच्यामध्ये एक राखाडी पेस्ट लावतात. ती सुकली की दोघांमध्ये फट पडते, फुगलेली पोळी तव्यापासून सुटते तशी, आणि मग उष्णता पुढे जात नाही. जाळीत धूळ बसली तरी तेच. फार तापलं की चिप जळायच्या आत लॅपटॉप स्वतःच बंद होतो.

त्यामुळे दहातल्या नऊ वेळा आमचं काम ठरलेलं असतं. स्क्रू काढा, धूळ झाडा, पेस्ट बदला, पंखा बघा. प्रणिताच्या लॅपटॉपला मी हे सगळं दोनदा केलं. दुसऱ्यांदा पंखासुद्धा नवा बसवला. मग माझ्या टेबलावर सलग चार तास चालवला. त्याच्यावर मुद्दाम जड काम टाकलं. गडी थंडगार. आणि घरी गेला की पाऊण तासात आडवा.

मी आमचे मॅनेजर नाडकर्णी सरांना फोन लावला.

“तिसऱ्यांदा तीच कंप्लेंट?” त्यांचा आवाज लगेच बदलला. एका लॅपटॉपची एकच कंप्लेंट पुन्हा आली की आमच्याकडे त्याला रिपीट कॉल म्हणतात. महिन्याच्या मीटिंगमध्ये त्याची लाल रंगात यादी लागते. “वृंदाताई, यात मदरबोर्डच गेलाय. बोर्ड बदला, विषय संपवा.”

“बोर्ड यायला दहा दिवस लागतील, सर. परीक्षा दोनला आहे.”

“मग तिने दुसऱ्या कुणाचा तरी लॅपटॉप घ्यावा.”

“परीक्षेसाठी हाच रजिस्टर केलाय. आता बदलता येत नाही.”

“मग तुम्ही काय करणार?”

“तिच्या घरी जाते.”

“घरी जाऊन काय वेगळं दिसणार आहे? लॅपटॉप तोच, तुम्ही त्याच.”

मी चिडून म्हणाले, “आज माझी सुट्टी मांडा,” आणि फोन ठेवला.

ठाण्याहून रिक्षाने कोलशेतला पोहोचले तेव्हा दहा वाजले होते. घर तीन मजली, नवं, बाहेरून सगळीकडे टाइल्स. एके काळी यांची शेती आणि खाडीकाठी मिठागरात काम, आता त्या जागेवर टॉवर उभे आहेत आणि यांच्या चार चाळी आहेत. पण घराच्या मागच्या बाजूला गोठा अजून होता आणि तो घराइतकाच टापटीप होता.

हॉलमध्ये प्रणिताचे सासरे, आप्पा, आरामखुर्चीत बसले होते. दोन्ही गुडघ्यांना पट्टे. समोर स्टूल, स्टुलावर स्टँडला लावलेला मोबाईल, आणि आप्पांची नजर त्यात रुतलेली. बाजूला सासूबाई खाली बसून सुका जवळा निवडत होत्या. आप्पांनी मोबाईलवरची नजर न काढता मला नमस्कार केला.

“तुमीच का त्या कॉम्प्युटरवाल्या बाय? बरा झाला आल्यात. पोरगी रातभर झोपली नाय. तिचा काम करा नीट.”

“करते, आप्पा.”

“ती डॉक्टरांचा लिवलेला वाचते,” ते अभिमानाने म्हणाले. “ते डॉक्टरचे बायकोला पन वाचता येत नाय.”

प्रणिताची खोली हॉलला लागूनच. मी आत गेले आणि शोधाशोध सुरू केली. लोकांच्या घरी जे सापडतं ते सगळं मला पाठ आहे. लॅपटॉप गादीवर ठेवतात, उशीवर ठेवतात, वरून क्रोशाचा रुमाल घालतात, जाळीला लागून देवाचा फोटो उभा करतात. इथे त्यातलं काहीच नव्हतं. लाकडी टेबल, लॅपटॉपखाली मीच सुचवलेला स्टँड, मागे हातभर मोकळी जागा, वर पंखा, भिंतीला एसी. बोट ठेवायला जागा नाही. मला तर रागच आला, इतकी नीटनेटकी खोली बघून.

“काही उघडलंयस का यात?” मी विचारलं.

“काहीच नाही. नुसता चालू करून ठेवलाय.”

पण पंखा घोंघावत होता. मी तळव्याने खालची बाजू चाचपली. नुसत्या चालू असलेल्या लॅपटॉपला इतका ताप येत नाही.

“हा आवाज नेहमीच असतो?”

“हो. नेहमी. तसाच असतो ना?”

माझ्या टेबलावर तो कधीच नव्हता. मी खुर्ची ओढून बसले. लॅपटॉपमध्ये त्या क्षणी कोणकोणती कामं चालू आहेत आणि कोण किती ताकद खातंय, याची एक यादी बघता येते. ती उघडली. सगळ्यात वर एक इंग्रजी अक्षरांचं विचित्र नाव होतं आणि ते एकटं अर्ध्याहून जास्त ताकद खात होतं. तापमान नव्वदच्या घरात.

हे नाव मी आधी पाहिलं होतं. सेंटरमध्ये दोन्ही वेळा ते यादीत होतं, अगदी तळाशी, समोर शून्य. झोपलेलं. कंपनीनेच काहीतरी घालून दिलेलं असेल म्हणून मी त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नव्हतं.

इंटरनेटवरून चोरून असले प्रोग्रॅम लोकांच्या लॅपटॉपमध्ये घुसवतात आणि त्यांच्या जिवावर आपली कामं उरकतात, हे आम्हाला माहीत असतं. मी खोलीचं दार लोटलं आणि आवाज खाली आणला.

“प्रणिता, घाबरू नकोस. पण कुणीतरी तुझ्या लॅपटॉपकडून चोरून काम करून घेतंय.”

ती पांढरी पडली. “कोण?”

“ते कधी कळत नाही. परदेशातही बसलेला असेल. थांब, आधी त्याला बंद करते.”

मी त्या नावावर क्लिक केलं आणि ते थांबवलं. पंख्याचा आवाज लगेच उतरायला लागला. त्याच क्षणी हॉलमधून आप्पांची हाक आली.

“अगो, गेला. बादल गेला.”

घरातलं कुणी गेलं आणि मी इथे लॅपटॉप घेऊन बसलेय, असं वाटलं. “बादल कोण?” मी विचारलं.

“बैल आहे,” प्रणिता म्हणाली. “शर्यतीचा. आप्पा त्याला मोबाईलमध्ये बघत बसतात. नेट गेलं असेल.”

नेट गेलं नव्हतं, समोर दिसत होतं. मी क्षणभर विचार केला आणि तो प्रोग्रॅम परत चालू केला. पंखा भणभणला.

“आला, आला,” हॉलमधून आवाज आला.

मी बंद केला.

“परत गेला.”

मी आणि प्रणिताने एकमेकींकडे पाहिलं. मग मी दार उघडून हॉलमध्ये गेले आणि आप्पांसमोर स्टुलाजवळ बसले.

“आप्पा, हे कॅमेरे कुणी लावले?”

“कॅमेरेवाल्यानं. कनाला इचारता?”

“आणि रेकॉर्डिंगचा डबा कुठे आहे त्याचा?”

“तो जळला ना. लाइट वर-खाली झाली, ठो आवाज, संपला. नवीन डबा यायला टाइम होता. कॅमेरेवाला बोलला, घरान कॉम्प्युटर हाय का? मी बोल्लो, हाय ना, सुनेचा हाय. ही तवा माहेरी गेलेली. त्यानं पाच मिनटान बसवून दिला.” मग माझ्या चेहऱ्याकडे बघून ते जरा थांबले. “काय झाला?”

“किती कॅमेरे आहेत?”

“सहा.”

“आणि बैल?”

“एक.”

“एका बैलाला सहा कॅमेरे?”

“दोन पुढून, एक मागून, दोन बाजूला, एक गव्हाणीवर,” आप्पांनी बोटांवर मोजत सांगितलं. मला हसू येत होतं, पण प्रणिता दारात उभी होती म्हणून मी आवरलं.

आता सगळं उलगडलं. सहा कॅमेऱ्यांचं चित्रण चोवीस तास हा लॅपटॉप घेत होता, साठवत होता, आणि वर आप्पांच्या मोबाईलला दाखवत होता. एवढ्या ओझ्याने तो आधीच कडेलोटाच्या जवळ. त्यात प्रणिताने परीक्षा उघडली, म्हणजे तिचा कॅमेरा, तिचं चित्रण, परीक्षेचा प्रोग्रॅम. पाऊण तास कसाबसा तग धरायचा आणि मग बंद. सेंटरमध्ये मात्र तो कॅमेऱ्यांच्या वायफायपासून लांब असायचा. कॅमेरे सापडायचे नाहीत, म्हणून प्रोग्रॅम झोपून राहायचा आणि मी त्याला तंदुरुस्त ठरवून घरी पाठवायचे.

“म्हंजे,” आप्पा हळूहळू म्हणाले, “हिचा लॅपटॉप दुकानान गेलेला तवा बादल पन दिसत नव्हता. मना वाटलं नेट गेला. मी नेटवाल्याला जाम शिव्या दिल्या. तो येऊन वायर बदलून गेला. त्याच दिवशी लॅपटॉप परत आला न् बादल दिसाया लागला. मी त्याला खूश होऊन कोंबडी दिली.”

“दोन्ही वेळा?” सासूबाईंनी जवळ्यातून डोकं वर केलं.

“दोन्ही वेला,” आप्पा म्हणाले.

प्रणिता हसली नाही. “आप्पा,” ती म्हणाली, “माझी पहिली परीक्षा यामुळे गेली.”

ती रागाने म्हणाली नाही, नुसतं सांगितल्यासारखं म्हणाली. आप्पांचा चेहरा एकदम उतरला. हा माणूस गावभर सुनेचं कौतुक सांगत फिरत होता आणि घरात त्याच्याच हौसेने तिचं वर्ष जात होतं. मला त्यांची दया आली. आणि स्वतःचा फार राग आला. त्यांना तर काही माहीतच नव्हतं. मी ते नाव दोनदा डोळ्यांनी पाहिलं होतं.

“चूक माझी आहे,” मी प्रणिताला म्हणाले. “मी पहिल्याच वेळी विचारायला हवं होतं.”

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेअकरा वाजत आले होते.

मी कॅमेऱ्यांचा प्रोग्रॅम पूर्ण बंद केला, पुन्हा आपोआप सुरू होणार नाही अशी व्यवस्था केली आणि लॅपटॉपवर सराव परीक्षा लावून दिली. आम्ही दोघी घड्याळ बघत बसलो. वीस मिनिटं, तीस, चाळीस. सत्तेचाळीस आलं आणि गेलं. तासाला तापमान पासष्ट. पंख्याचा आवाज कान लावला तरच येत होता. प्रणिताने पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकली.

बाहेर आले तर आप्पा काळ्या मोबाईलकडे बघत बसले होते. रविवारी शर्यत होती. बादल कालपासून नीट खात नव्हता, आणि तो पाणी पितो की नाही यावर लक्ष ठेवा, असं डॉक्टर सांगून गेले होते. हे त्यांनी मला सांगितलं ते तक्रार म्हणून नव्हे. कॅमेरे परत चालू करा असं त्यांनी एकदाही म्हटलं नाही.

“गोठा वीस पावलांवर हाय,” सासूबाई जवळ्याला सांगितल्यासारखं म्हणाल्या. “सहा महिने मोबाईलान बघतात.”

आप्पांनी गुडघ्यांवर हात दाबले आणि उठले. प्रत्येक पावलाला त्यांचं तोंड वाकडं होत होतं. दाराशी प्लास्टिकची खुर्ची होती, ती त्यांनी स्वतःच उचलली. मी पुढे झाले तर म्हणाले, “ऱ्हाऊ द्या, बाय. तुमी तिचा बगा. मी याचा बगतो.”

दोन वाजता खोलीचं दार बंद झालं. आता आत कुणी जायचं नाही. तापमान बघायची सोय नाही, काही नाही. मी बंद दाराबाहेर हॉलमध्ये बसले आणि कान लावून पंखा ऐकत राहिले. एकोणीस वर्षांत इतकं लक्षपूर्वक मी काही ऐकलं नसेल. सासूबाईंनी टीव्ही बंद केला, मिक्सर बंद ठेवला, आणि बेल वाजवणाऱ्या कुरिअरवाल्याला खुणेनेच हाकललं. पंख्याशी या सगळ्याचा काही संबंध नव्हता, पण मी त्यांना सांगितलं नाही.

अडीचच्या सुमाराला फोन थरथरला. मी अंगणात जाऊन घेतला.

“काय निघालं? बोर्ड ना?” नाडकर्णी सर.

“नाही, सर.”

“मग?”

“उद्या सांगते. फोनवर सांगण्यासारखं नाही.”

दोन सत्तेचाळीसला मी उठून उभी राहिले, का ते माहीत नाही. दाराआड काही बदललं नाही. सासूबाईंनी माझ्या हातात तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी ठेवली. तेव्हा लक्षात आलं की सकाळचा चहासुद्धा पूर्ण झाला नव्हता.

चार वाजता मी आप्पांना चहा घेऊन गेले. गोठ्यात पत्र्याखाली काहिली होत होती. मोठा पंखा होता, तो बैलाकडे तोंड करून लावलेला. आप्पा घामाने निथळत होते, पण पंखा स्वतःकडे वळवला नव्हता. बादल पांढराशुभ्र, तेल लावल्यासारखा चकचकीत, बादलीत तोंड घालून उभा होता.

“तिचा तापला नाय ना?” आप्पांनी आधी हेच विचारलं.

“अजून नाही.”

“यानं पन पानी पिला,” ते म्हणाले आणि चहा बशीत ओतला.

पाच वाजून चार मिनिटांनी दार उघडलं. प्रणिताच्या चेहऱ्यावरून काही कळेना. तिने पाणी मागितलं, पूर्ण तांब्या संपवला आणि मग म्हणाली, “झाली. निकाल लगेच दाखवतात.”

“मग?” सासूबाई म्हणाल्या.

“पास.”

मी तिला मिठीच मारली. एरवी मी असलं काही करत नाही. सासूबाई देवाजवळ साखर ठेवायला गेल्या. प्रणिता थेट मागच्या दाराने गोठ्याकडे निघाली आणि मी तिच्या मागे.

आप्पांनी ऐकलं, मान डोलावली, पुन्हा डोलावली. डोळे भरून आले होते त्यांचे. पण खुर्चीतून हलेनात.

“आप्पा, काय झालं?” प्रणिताने विचारलं.

“गुडघे धरले, पोरी. सरकत नाय. आदी मना उठव, मंग आनंद कर.”

तिने त्यांचा एक हात धरला, मी दुसरा. तीन तासांहून जास्त बसलेला माणूस उठवायला आम्हाला चांगलीच ताकद लागली. उठल्यावर त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “उद्याच कॅमेरेवाल्याला बोलावतो. याला याचा डबा, तुना तुझा लॅपटॉप.”

नवा डबा चार दिवसांत आला. प्रणिता आता त्याच खोलीतून नोकरी करते, आणि तिचा लॅपटॉप पुन्हा माझ्याकडे आलेला नाही.

कंप्लेंट बंद करताना आम्हाला कॉम्प्युटरवर एक फॉर्म भरावा लागतो. बिघाडाचं कारण निवडायचं असतं. धूळ, पेस्ट, पंखा, बोर्ड, इतर. मी ‘इतर’ निवडलं आणि पुढच्या चौकटीत ‘बैल’ लिहिलं. दुसऱ्या दिवशी नाडकर्णी सर प्रिंट घेऊन माझ्या टेबलाशी आले. मी सगळं सांगितलं. ते पोट धरून हसले.

“म्हणजे आपण दोनदा उगाच स्क्रू काढले,” ते म्हणाले.

“दोनदा. आणि एक चांगला पंखा बदलला.”

तेव्हापासून तापणारा लॅपटॉप आला की मी लगेच स्क्रू काढत नाही. आधी ग्राहकाला एक प्रश्न विचारते. हा लॅपटॉप घरात तुमच्याशिवाय आणखी कुणाकुणाच्या कामाला येतो? पुरुष बहुतेक लगेच म्हणतात, कुणाच्याच नाही. बायका जरा विचार करतात आणि बोटांवर मोजायला लागतात.